बिघडलेला डेटा आणि फाइल सिस्टिमची परीक्षा: गुण कशाला द्यायचे?

प्रश्न थोडक्यात असा. घरच्या ४ टीबी फोटोंसाठी फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइल कुठे आणि कशा ठेवायच्या ते सांभाळणारी व्यवस्था) निवडायची आहे. विचारणाऱ्याने ४ जीबीच्या दोन इमेज फाइल (डिस्कचं सोंग घेणाऱ्या फाइल) केल्या, एकीवर लिनक्सची ईएक्सटी४ आणि दुसरीवर लिनक्सचीच बीटीआरएफएस. दोन्हींत तेच सातशे फोटो भरले आणि डीडी (बाइट जसेच्या तसे लिहिणारी कमांड) वापरून दोन्हींत २०० ठिकाणी रँडम बाइट ठोकले. ईएक्सटी४ वरचे सगळे फोटो एकही एरर न येता कॉपी झाले. बीटीआरएफएसने दीडशेच्या आसपास फोटोंवर 'इनपुट/आउटपुट एरर' दाखवून हात वर केले, एका बाइटपायी अख्खा फोटो नाकारला. म्हणजे ईएक्सटी४ जास्त दणकट, हा निष्कर्ष बरोबर का? आणि अशी चाचणी नीट कशी घ्यायची?

निष्कर्ष नेमका उलटा निघतो. तुमच्या ईएक्सटी४ वरही साधारण तितकेच फोटो बिघडले आहेत, फक्त त्याबद्दल तुम्हाला कोणी चकार शब्द काढलेला नाही. मूळ फोटोंचे एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला, एक बाइट बदलला तरी बदलणारा ठसा) काढून ठेवले असतील तर आत्ता कॉपी झालेल्या फोटोंशी जुळवून बघा. दीडशेच्या घरात नापास निघतील.

कारण साधं आहे. ईएक्सटी४ चेकसम (मजकूर बदलला का हे पकडणारा छोटा आकडा) ठेवते ते स्वतःच्या हिशेबाच्या वह्यांचे, म्हणजे आयनोड (एकेका फाइलची नोंद), डिरेक्टरी, बिटमॅप (कोणती जागा भरली त्याची यादी) यांचे. तुमच्या फोटोच्या आतल्या बाइटना चेकसम नसतो. डिस्कने जे हातात दिलं ते ती पुढे सरकवते. एक्सएफएस तसंच वागते, विंडोजची एनटीएफएस आणि ॲपलची एपीएफएसही फाइलच्या मजकुराचा चेकसम ठेवत नाहीत. बीटीआरएफएस आणि झेडएफएस ठेवतात. मायक्रोसॉफ्टच्या आरईएफएसमध्ये ती सोय आहे, पण फाइलच्या मजकुरासाठी मुद्दाम चालू करावी लागते.

एका बाइटने काय बिघडतं, असं वाटत असेल तर हे करून बघा. एका टेक्स्ट फाइलमध्ये 'काय' लिहा आणि हेक्स एडिटरमध्ये उघडा. यूटीएफ-८ मध्ये 'क' म्हणजे तीन बाइट: ई०, ए४, ९५. त्यातल्या ९५ चा एक बिट पलटला की होतं ९७, आणि ई०, ए४, ९७ म्हणजे 'ग'. 'काय'ची 'गाय' झाली. ईएक्सटी४ वर ती फाइल बिनतक्रार उघडेल, आणि शुद्धलेखन तपासनीसही गप्प बसेल, कारण गाय हा शब्द बरोबरच आहे. हिशेबाच्या फाइलमध्ये तर अंगावर काटा येतो. इंग्रजी आकड्यांतल्या १ चा बाइट हेक्समध्ये ३१ आणि ९ चा ३९. फरक एकाच बिटाचा. एक लाखाचे नऊ लाख व्हायला तेवढं पुरतं.

म्हणून माझ्या चाचणीत 'उघडली' आणि 'नाही उघडली' असे दोनच कप्पे कधी नसतात. प्रत्येक फाइल पाचांपैकी एका ढिगात जाते: हॅश जुळला, हॅश जुळला पण लॉगमध्ये दुरुस्तीची नोंद आली, वाचायला नकार मिळाला, नाव किंवा फाइलच गायब, आणि पाचवा ढीग, फाइल मिळाली, एरर नाही, पण हॅश चुकला. फाइल सिस्टिमची लायकी या पाचव्या ढिगावरून ठरते. चुकीचा माल बिनबोभाट गळ्यात मारला की तो बॅकअपमध्येही जातो. पुढे जुने बॅकअप एकेक करून पुसले जातात आणि वर्षा-दोन वर्षांत चांगली प्रत कुठेच उरत नाही.

असं खरंच होतं का, की हा सगळा प्रयोगशाळेतला खेळ? २००८ मध्ये लक्ष्मी बैरवसुंदरम आणि सहकाऱ्यांनी नेटॲप या स्टोरेज कंपनीच्या ग्राहकांकडे चालू असलेल्या १५.३ लाख डिस्कची ४१ महिन्यांची नोंद तपासली. ४ लाखांहून जास्त ब्लॉकमध्ये (डिस्कच्या छोट्या तुकड्यांत) चेकसम जुळला नव्हता. वापराच्या पहिल्या १७ महिन्यांत निअरलाइन, म्हणजे स्वस्तातल्या, डिस्कपैकी सरासरी ०.६६ टक्के डिस्कवर असा किमान एक प्रसंग आला, महागड्या एंटरप्राइझ डिस्कवर ०.०६ टक्के. तुमच्या घरातली डिस्क पहिल्या जातीच्या जास्त जवळची.

आता चाचणीची मांडणी. तुमची दिशा ठीक होती, पण खाचखळगे बरेच आहेत आणि त्यातल्या बहुतेकांत मी स्वतः पडलो आहे.

इमेज फाइल निदान पाऊण भरा, नाहीतर निम्मे घाव रिकाम्या जागेवर पडतात आणि निकाल फुकट चांगला दिसतो. हॅशची यादी इमेजच्या बाहेर ठेवा. भरून झालं की सिंक (राहिलेलं लिखाण डिस्कवर उतरवणं), अनमाउंट (जोडलेली इमेज सोडवणं) आणि त्या कोऱ्या इमेजची एक प्रत बाजूला. प्रत्येक प्रयोग नव्या प्रतीवर करायचा, आधीच्या प्रयोगातली जखमी इमेज पुन्हा वापरायची नाही. डीडीने मध्येच बाइट लिहिताना कॉन्व्ह या पर्यायात 'नोट्रंक' द्यायला विसरलात तर इमेज तिथेच कापली जाते आणि तुम्ही फाइल सिस्टिमची नव्हे, स्वतःच्या विसराळूपणाची चाचणी घेत बसता. रँडम जागा निवडताना सीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) लिहून ठेवा, म्हणजे तोच प्रयोग पुढच्या महिन्यात पुन्हा करता येईल.

कॅशची गोष्ट वेगळी सांगायला हवी. सुरुवातीच्या काळात मी एकदा माउंट असलेल्या डिस्कच्या खालून ब्लॉक खराब केला, फाइल वाचली, हॅश तंतोतंत जुळला. 'दुरुस्त केली वाटतं!' म्हणून मी खूश. प्रत्यक्षात वाचताना डिस्कला कोणी हातही लावला नव्हता, कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) पेज कॅशमधली, म्हणजे मेमरीतली, जुनी प्रत दिली होती. तेव्हापासून नियम: आधी अनमाउंट, मग खराबी, मग पुन्हा माउंट. माउंट ठेवूनच करायचं असेल तर ड्रॉप-कॅशेसमध्ये (कॅश रिकामी करायची लिनक्सची सोय) ३ लिहिल्याशिवाय वाचायचं नाही.

बीटीआरएफएसची कोरी इमेज आणि तिची खराब केलेली प्रत एकाच वेळी माउंट करू नका. दोघींचा यूयूआयडी (ओळख-क्रमांक) एकच असतो आणि ती डिस्क यूयूआयडीवरून ओळखते, त्यामुळे भलत्याच इमेजवर लिहिलं जाऊ शकतं. आणखी एक: ज्या फोल्डरला 'नोडेटाकाऊ', म्हणजे जुन्या जागीच लिहायचा पर्याय, लावलेला आहे (व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कसाठी लोक लावतात) तिथे बीटीआरएफएस चेकसम ठेवतच नाही. तिथे ती ईएक्सटी४ सारखीच निमूटपणे चुकीचं देते.

तुमच्या २०० घावांनी ईएक्सटी४ चं काहीच कसं मोडलं नाही, हेही समजून घ्या. नेहमीच्या सेटिंगला दर १६ केबीमागे २५६ बाइटचा एक आयनोड राखलेला असतो. म्हणजे आयनोड टेबलं डिस्कचा १.५६ टक्के भाग खातात. २०० पैकी जेमतेम तीन घाव तिथे पडणार. सातशे फोटोंच्या ४ जीबी इमेजमध्ये आयनोड अडीच लाखांच्या वर असतात आणि त्यातले वापरात फक्त सातशे, म्हणजे ते तीन घावही बहुधा रिकाम्या आयनोडवर. आंधळेपणाने फेकलेल्या दगडांनी फक्त भिंतच फुटते. तिजोरीला धक्का लागतो की नाही हे बघायचं तर नेम धरून मारावं लागतं.

नेम धरायची ही पद्धत विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या गटाने २००५ मध्ये रूढ केली. विजयन प्रभाकरन आणि रेम्झी व अँड्रिया आर्पाची-डुसो यांच्या त्या कामात ईएक्सटी३, रायझरएफएस, जेएफएस आणि एनटीएफएस यांच्या एकेका प्रकारच्या ब्लॉकवर ठरवून बिघाड घातला आणि काय होतं ते टिपलं. ईएक्सटी३ लिहिताना आलेल्या एररकडे बऱ्याचदा चक्क कानाडोळा करत होती. रायझरएफएस दुसऱ्या टोकाला: लिहिताना एरर आली की पॅनिक. सगळी मशीन बंद पडते, पण डिस्कवर आणखी घाण होत नाही. मला स्वतःला रायझरचा हा स्वभाव आवडायचा, पण सर्व्हर रात्री तीनला बंद पडल्यावर फोन मलाच येणार असायचा, तेव्हा मत थोडं बदलायचं.

नेम धरायला पत्ता लागतो. ईएक्सटी४ मध्ये डीबगएफएस आयनोडचा ब्लॉक सांगतं आणि फाइलफ्रॅग फाइलचे ब्लॉक सांगतं. पण तेच फाइलफ्रॅग बीटीआरएफएसवर चालवलंत तर मिळणारा पत्ता डिस्कवरचा नसतो, तिच्या आतल्या तार्किक नकाशावरचा असतो. त्या जागी बाइट ठोकलेत तर घाव भलतीकडेच. झेडएफएसमध्ये झेडडीबी या अवजाराने दिलेल्या ऑफसेटमध्ये ४ एमबी मिळवावे लागतात, कारण पुढची तेवढी जागा लेबलं आणि बूट ब्लॉकसाठी राखीव असते. या भानगडीत पडायचं नसेल तर एक गावठी युक्ती आहे. फाइलमध्ये कुठेच नसेल अशी एक खूण घाला, मी 'खूणगाठ' आणि पुढे क्रमांक घालतो, आणि इमेजमध्ये ग्रेप या शोधायच्या कमांडने ती कितव्या बाइटवर आहे ते शोधा. कॉम्प्रेशन बंद हवं आणि फाइल चार केबीहून मोठी हवी. फार छोट्या फाइल बीटीआरएफएस मेटाडेटाच्या (त्याच हिशेबाच्या वह्यांच्या) पोटातच ठेवते आणि मेटाडेटाच्या एका डिस्कवरही दोन प्रती असतात, मग निकाल वेगळा येतो.

सुपरब्लॉकवर, म्हणजे फाइल सिस्टिमच्या ओळखपानावर, घाव घालून बघाच. ईएक्सटी४ चा सुपरब्लॉक १०२४ व्या बाइटला, ४ केबी ब्लॉक असतील तर पहिली राखीव प्रत ३२७६८ व्या ब्लॉकला. बीटीआरएफएसचा ६४ केबीवर आणि दुसरा ६४ एमबीवर. पहिला मेला की दोन्हीही आपणहून माउंट होत नाहीत, हाताने राखीव प्रतीकडे बोट दाखवावं लागतं. एकदा निवांत वेळी करून ठेवलेलं असलं की खऱ्या प्रसंगी घाम फुटत नाही.

बिघाडाचे प्रकारही एक नसतात. बिट पलटणं, पूर्ण ब्लॉक शून्य होणं, डिस्कने सरळ 'वाचता येत नाही' म्हणणं. शेवटच्यासाठी लिनक्सच्या डिव्हाइस मॅपरमध्ये (डिस्क आणि फाइल सिस्टिम यांच्यामधल्या थरात) डीएम-डस्ट आणि डीएम-फ्लेकी आहेत. या तिन्ही गोष्टी लोक करतात. चौथी फारशी कोणी करत नाही आणि तीच सगळ्यात लबाड: हरवलेलं लिखाण. डिस्क म्हणते लिहिलं, प्रत्यक्षात लिहिलेलं नसतं, आणि त्या जागी जुना, स्वतःपुरता अगदी धडधाकट ब्लॉक बसलेला असतो. ज्या ब्लॉकचा चेकसम त्याच ब्लॉकच्या पोटात आहे तो इथे फसतो, कारण जुना मजकूर आणि जुना चेकसम एकमेकांशी जुळतात. एक्सएफएस मेटाडेटा ब्लॉकमध्ये त्याचा स्वतःचा पत्ताही लिहून ठेवते, त्यामुळे भलत्या जागी पडलेला ब्लॉक ती पकडते, पण योग्य जागचा शिळा ब्लॉक तिलाही ओळखता येत नाही. झेडएफएस चेकसम वरच्या ब्लॉकमधल्या पॉइंटरमध्ये ठेवते, म्हणजे पोराचा दाखला बापाच्या खिशात. शिळा ब्लॉक समोर आला की बाप म्हणतो, हा माझा नव्हे.

हे तपासायचं तर अनमाउंट करून इमेजची एक प्रत घ्या, फाइलचे बाइट जागच्या जागी बदला, पुन्हा अनमाउंट करून दुसरी प्रत घ्या. नव्या प्रतीत फाइलचा तो ब्लॉक जिथे आहे, त्याच जागचा जुन्या प्रतीतला ब्लॉक उचलून नव्या प्रतीत घाला. ईएक्सटी४ वर जुना मजकूर नव्या तारखेसह मिळेल.

आता आरसा, म्हणजे रेड-१: दोन डिस्कवर तोच मजकूर. 'माझ्याकडे रेड-१ आहे, मला काय धाड भरली आहे' असं म्हणणाऱ्यांसाठी हा माझाच किस्सा. पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशकाकडे जुन्या दिवाळी अंकांच्या स्कॅनचा साठा होता, दोन डिस्कवर लिनक्सच्या एमडी या सॉफ्टवेअरने केलेल्या रेड-१ मध्ये, वर ईएक्सटी४. तिथल्या बाईंचा फोन आला: "अहो, हे मुखपृष्ठ काल नीट दिसत होतं, आज मधोमध पट्टा आलाय." दुसऱ्या दिवशी पुन्हा नीट. मला वाटलं मॉनिटर. तो नव्हता. दोन डिस्कपैकी एकीवरचे काही ब्लॉक बिघडले होते आणि कोणती डिस्क वाचली जाते त्यावर मुखपृष्ठाचं नशीब ठरत होतं. मी 'चेक' चालवला, मिसमॅच काउंट (न जुळणाऱ्या जागांची मोजणी) शून्य नव्हता. मग शहाणपणा केला आणि 'रिपेअर' चालवला. एमडीला दोन प्रती वेगळ्या आहेत एवढंच कळतं, खरी कोणती हे कळायला तिच्याकडे काही साधन नाही. ती एक प्रत घेते आणि दुसरीवर छापते. तिने घेतली ती बिघडलेली. त्यानंतर ते मुखपृष्ठ रोज सारखंच दिसू लागलं, पट्ट्यासकट. सुदैवाने मूळ अंक कपाटात होता, बाईंनी पुन्हा स्कॅन केला. मला चहा पाजला पण काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

हा प्रयोग दोन लूप डिव्हाइसवर (डिस्क म्हणून जोडलेल्या इमेज फाइलवर) पंधरा मिनिटांत होतो. एमडी रेड-१ वर ईएक्सटी४ घ्या, ॲरे (दोन डिस्कची ती जोडी) थांबवा, एकाच अंगावर बाइट ठोका, पुन्हा जोडा आणि कॅश रिकामी करत पाच-दहा वेळा हॅश काढा. मग तेच बीटीआरएफएसच्या स्वतःच्या रेड-१ वर करा. तिथे हॅश दर वेळी जुळेल आणि कर्नल लॉगमध्ये दुरुस्तीची ओळ दिसेल, कारण कोणती प्रत खोटी हे चेकसम सांगतो. एमडी ठेवायचीच असेल तर प्रत्येक डिस्कखाली डीएम-इंटिग्रिटीचा थर घालता येतो. मग बिघडलेला ब्लॉक वाचताना एरर येते आणि एमडी दुसऱ्या अंगाकडे वळते. लिखाणाचा वेग मात्र चांगलाच खाली येतो.

एफएससीके या फाइल सिस्टिम तपासणाऱ्या प्रोग्रामबद्दल लोकांची एक गोड समजूत असते. ते तुमच्या फाइल वाचवण्यासाठी नसतं, फाइल सिस्टिमची वही जुळवण्यासाठी असतं. जुळवताना ज्याचा हिशेब लागत नाही ते लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये क्रमांकाच्या नावाने जातं किंवा टाकून दिलं जातं. चाचणीत ई२एफएससीके (ईएक्सटी४ चं एफएससीके) आधी फक्त बघण्याच्या मोडमध्ये चालवा, मग प्रतीवर दुरुस्ती करू द्या, आणि दोन्ही वेळा हॅश काढा. बीटीआरएफएसचा रिपेअर पर्याय तर प्रतीशिवाय वापरूच नका. झेडएफएसला एफएससीके नाहीच, तिथे स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून चेकसम जुळवणं.

एक वेगळी जात म्हणजे फझिंग: मुद्दाम विकृत केलेल्या इमेज माउंट करून कर्नल कोसळतो का हे बघणं. ओरॅकलच्या दोघा अभियंत्यांनी २०१६ मध्ये एएफएल हे फझिंगचं साधन वापरून हे केलं तेव्हा बीटीआरएफएसमधली पहिली चूक ५ सेकंदांत सापडली आणि ईएक्सटी४ मधली २ तासांत. अनोळखी पेनड्राइव्ह लावण्याच्या दृष्टीने तो महत्त्वाचा विषय आहे, पण तुमच्या फोटोंच्या टिकाऊपणाशी त्याचा संबंध थोडा. तो आकडा दाखवून कोणी बीटीआरएफएस वाईट म्हणालं तर तेवढ्यावर जाऊ नका.

आता तुमची खरी तक्रार, जी मला रास्त वाटते: ५ एमबीच्या फोटोतला एक बाइट बिघडला म्हणून बीटीआरएफएस अख्खा फोटो नाकारते. प्रत्यक्षात ती ४ केबीचा तेवढाच तुकडा नाकारते, पण कॉपी करणारा प्रोग्राम तिथेच थांबतो. बाकीचा फोटो डीडीला 'नोएरर, सिंक' देऊन काढता येतो, भोकाच्या जागी शून्यं येतात. बिघडलेले बाइटसुद्धा हवे असतील तर ५.११ पासूनच्या कर्नलमध्ये रीड-ओन्ली माउंट करताना 'रेस्क्यू' पर्यायाने डेटाचे चेकसम बाजूला ठेवता येतात. जेपीईजीत त्या जागेपासून खाली रंग बदलतात किंवा चित्र सरकतं, वरचा भाग शाबूत राहतो. टारजीझेड फाइलमध्ये तोच घाव पुढचं सगळं घेऊन जातो, म्हणून फोटो एकाच मोठ्या गाठोड्यात बांधून ठेवू नका.

एकाच डिस्कवर चेकसम असेल तर चोरी कळते, पण माल परत मिळत नाही. माल हवा तर दुसरी प्रत हवी. बीटीआरएफएसमध्ये डेटाला 'डप' किंवा झेडएफएसमध्ये 'कॉपीज=२' दिलं तर जागा निम्मी होते, आणि डिस्कच मेली तर दोन्ही प्रती जातात. मी एका डिस्कवर ते करत नाही. त्याऐवजी फोटोंच्या प्रत्येक वर्षाच्या फोल्डरला पार२ च्या १० टक्के दुरुस्ती-फाइल करतो. त्या कुठल्याही फाइल सिस्टिमवर चालतात, अगदी ईएक्सटी४ वरही, आणि थोडे ब्लॉक गेले तर फोटो बाइट-न्-बाइट परत बांधून देतात. फोटो बदलत नाहीत म्हणून हे जमतं. रोज बदलणाऱ्या फाइलना पार२ लावणं म्हणजे डोक्याला ताप.

आणि रॅम. चेकसम काढण्याआधीच मेमरीत बिट पलटला तर चुकीच्या मजकुराचा अगदी बरोबर चेकसम लिहिला जातो. झेडएफएसवर २०१० मध्ये याच विस्कॉन्सिनच्या गटाने नेमकं हे दाखवलं: डिस्कवरच्या बिघाडापुढे ती भक्कम, मेमरीतल्या बिघाडापुढे बरीच उघडी. घरच्या मशीनवर सहसा ईसीसी रॅम (पलटलेला बिट स्वतः पकडणारी मेमरी) नसते. फोटो हलवण्याआधी एक रात्र मेमटेस्ट लावा.

तुमच्यासाठी मी असं करेन: दोन वेगळ्या डिस्क, बीटीआरएफएस रेड-१ किंवा झेडएफएस मिरर, घराबाहेर तिसरी प्रत, आणि महिन्यातून एक स्क्रब. ४ टीबीला सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने साडेसात तासांच्या आसपास लागतात, रात्री लावून झोपलात की सकाळी निकाल तयार. पण त्याआधी तुमचा तो प्रयोग हॅशच्या यादीसह पुन्हा करा, आणि ईएक्सटी४ च्या पाचव्या ढिगात किती फोटो निघाले ते कळवा.